‘व’च्या पोटातली जागा

सुवर्णाने काढलेला जाडजूड फॉन्ट गंगापूर रोडवरच्या पाट्यांवर झळकत होता. अक्षर कितीही जाड असो, त्याच्या पोटात श्वासापुरती पांढरी जागा ठेवायची, हा तिचा नियम.

सकाळी शाहनवाज टेलरचा फोन आला. “ताई, पाटीवरच्या माझ्या नावातला ‘व’ बुजलाय. काल तर नीट होता.”

“उन्हाने रंग फुगला असेल. तुमचा आवाज का असा बसलाय?”

“काय माहीत. सकाळपासून जीव घुसमटतोय.”

सुवर्णा तशीच दाराबाहेर आली. दारावर तिने हौसेने त्याच अक्षरांत सासूबाईंचं नाव लावलं होतं : नवसाबाई.

‘व’ काळाठिक्कर झाला होता. ‘ब’मधलं पांढरं तिच्या डोळ्यांदेखत आकसत होतं.

“सुवर्णा, खिडकी उघड गं,” आतून सासूबाईंचा घोगरा आवाज आला.

खिडक्या सगळ्या सताड उघड्या होत्या.