अंगणात सांडलेले तेल

धर्माजींनी विहीर खणली. त्यांचे पुत्र बळवंतराव यांनी चिकूची वाडी लावली. बळवंतरावांचे पुत्र आत्माराम यांनी अंगणात शहाबादी फरशी बसवली. आणि आत्मारामांचे चिरंजीव सुजीत यांनी शुक्रवारी सकाळी त्या फरशीवर मोटारसायकलचे काळे तेल सांडले.

तेल सांडावे अशी त्याची इच्छा नव्हती. थेंबही सांडू नये, यावरच त्याचे भवितव्य अवलंबून होते. बोईसरच्या कारखान्यातली नोकरी सोडून घरच्या पडवीत दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज काढावे, असे त्याच्या मनात होते. पडवीवर सत्ता आजीची, म्हणजे रंभाबाईंची होती. नातवाचे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि अट घातली.

"मी सातपाटीला सुके बोंबील आणायला जाते. तू अंगणात गाडीचं तेल बदलून ठेव. आल्यावर मला फरशीवर एक जरी डाग दिसला, तर गॅरेजचं नाव या घरात काढायचं नाय."

त्या गेल्या. सुजीतने गाडीखाली पसरट डबा सरकवला आणि इंजिनाचा बोल्ट सोडवला. तेल तापलेले होते. बोट भाजले, हात झटकला गेला, कोपर लागून डबा कलंडला. डब्यात उरलेले तेल वाचवण्यासाठी तो डबा उचलून धावला, त्यामुळे तुळशीपर्यंत थेंबांची रांग उमटली.

त्याची पत्नी स्वाती दारात येऊन उभी राहिली.

"फडका लावू नकोस, पसरेल," ती म्हणाली. "रोज एक गिऱ्हाईक आलं, तर रोज मीच पुसायचं काय?"

"आता बोलू नकोस. भाताचा तूस आण."

तूस पसरला, पायाने दाबला, झाडून काढला. त्यावर चुलीतली राख टाकली, तीही काढली. तेल वर आले, पण फरशीवर काळसर छाया राहिली. सुदैवाने रंभाबाईंनी मंगळवारच्या बाजारातून धुण्याचा सोडा आणि काथ्याचे दोन नवे ब्रश आणून ओट्यावर ठेवले होते. स्वातीने पाणी उकळले. दोघेही गुडघ्यांवर बसून घासू लागले.

डाग गेला. मात्र त्या ठिकाणची फरशी अशी उजळली, की भोवतालची सगळी फरशी मळकट दिसू लागली.

"आधी डाग काळा होता, आता पांढरा झाला," स्वाती म्हणाली.

सुजीतने मान खाली घातली. आजीच्या नजरेतून हे सुटणे अशक्य होते. उपाय एकच होता. त्यांनी घरासमोरचे सारे अंगण घासायला घेतले.

समोरच्या ओट्यावर शालूबाई सकाळपासून पान लावीत बसल्या होत्या. त्या रंभाबाईंच्या धाकट्या जाऊबाई. वाटणी झाल्यावर दोन घरांच्या मधून पाणी वाहून जायची एक चिंचोळी पन्हळ तेवढी आली होती, अंगण मात्र एकच राहिले होते. दुपार कलली आणि सुजीत पन्हळीपाशी येऊन थांबला, तेव्हा शालूबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडले.

"छान झालं हो. अर्धं अंगण लग्नाचं, अर्धं दहाव्याचं."

"धाकटे आजी, आमी आमचं केलं."

"दिसतं की. उद्या आमच्या समिधेला बघायला मनोरची माणसं येतील. म्हणतील, पलीकडची माणसं स्वच्छ, पोरीकडचीच तेवढी घाण." त्यांनी पानाला चुना लावला. "आणि अक्का आल्या की विचारतीलच, अर्धंच का घासलं म्हणून. मला खोटं बोलता येत नाय, बाबा."

"म्हणजे तुमी सांगणार?"

"विचारलं तर. सगळं अंगण सारखं दिसलं, तर कोण कशाला विचारतंय?"

सुजीतने स्वातीकडे पाहिले. स्वातीने त्याच्या हातात ब्रश दिला.

शालूबाईंच्या बाजूची फरशी अधिक मळलेली होती. कोपऱ्यांत शेवाळ होते आणि ओट्याखाली पानाच्या पिचकाऱ्या. शालूबाई बसल्या जागेवरून सूचना देत होत्या. "तिकडे राहिलं. नाय, त्याच्याही पलीकडे. सुनबाई, तुझा हात चांगला हाय, याचा जरा ढिला हाय."

उन्हे उतरता उतरता फाटकाशी रिक्षा थांबली. बोंबलांची पिशवी घेऊन रंभाबाई आत आल्या. चप्पल काढून त्या अनवाणी अंगणभर फिरल्या. तुळशीपाशी वाकल्या, फरशीवर बोट फिरवले, बोट हुंगले.

"डाग नाय," त्या म्हणाल्या आणि कमरेची किल्ली सोडून त्याच्या हातावर ठेवली. "पडवी तुझी."

सुजीत पाया पडला आणि पाठ धरूनच पडवीकडे धावला. पडवी मोजण्यासाठी टेप घेऊन स्वाती त्याच्या मागे गेली.

रंभाबाई पन्हळ ओलांडून समोरच्या ओट्यावर जाऊन बसल्या. शालूबाईंनी लावून ठेवलेले पान पुढे केले.

"लई घासलं बिचाऱ्यानं, अक्का. मधी मला दया आली होती."

"दया येऊन उठली नाहीस ना?"

"छे. पण त्याच्या हातून तेल सांडलंच नसतं, तर?"

"मग बसल्या जागी तू तेलाचा तांब्या फरशीवर लवंडायचा होतास, म्हणून तर तुला सकाळपासून ओट्यावर बसवलं." रंभाबाईंनी पान तोंडात घातले. "गॅरेजचं तर मी गणपतीतच ठरवलं होतं. पण तुझं अंगण घास म्हटलं असतं, तर त्यानं मजूर लावला असता, आणि कामाला कामाची सावड घरच्याच हातानं फेडायची असते. आत्मारामाच्या लग्नात मी तापानं पडले, तेव्हा माझ्या वाटचं अंगण तू एकटीनं सारवलंस. शालू, ती सावड आज पुरती फिटली."