मिक्सरमधली खरखर

सुनंदाने मिक्सर ओट्यावर आडवा केला, पकड घेतली आणि जारखालचं रबरी कपलर फिरवायला सुरुवात केली.

"कशाला उघडतेस? नवा आणू की," रमाकांत पेपरामागून म्हणाला.

सुनंदाला हसू आलं. साबणाचा झिजलेला तुकडा नव्या वडीला चिकटवून वापरणारा हा माणूस, आणि मिक्सर म्हणे नवा!

"अहो, नुसती खरखर तर आहे. मी बाळंतपणाहून आले तेव्हापासून करतोय. चार महिने तुम्ही खानावळीत जेवलात, हा बिचारा पडून राहिला. झुरळं शिरली असतील आत."

रमाकांतने पेपर आणखी वर धरला. सिल्वासाच्या सरकारी कचेरीत कारकुनी करून त्याला गप्प राहण्याची सवयच लागली होती.

कपलर निघालं. खाली वाळलेल्या वाटणाचा काळा थर. जुन्या टूथब्रशने तो खरवडताना काहीतरी चमकलं. सुनंदाने ते नळाखाली धरलं. सोन्याचं बकुळीचं फूल!

लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला रमाकांतने वापीच्या सोनाराकडून ही कर्णफुलं घडवून आणली होती. नक्षी स्वतः काढून दिलेली. "अशी जोडी जगात एकच," तो म्हणाला होता. पुढे तान्ही धनश्री कानाला झोंबायची, म्हणून सुनंदा ती काढून हाताला येईल तिथं ठेवायची. गेल्या दिवाळीत त्यातलं एक दिसेनासं झालं. घरात बाहेरचं माणूस म्हणजे एकटी कामवाली भिमाबाई.

काय काय बोलली होती सुनंदा तिला! धुळ्याहून पोटासाठी आलेली बाई दारात उभी राहून पोराची शपथ घेत होती. भरल्या सणात सुनंदाने तिला हाकललं. क्वार्टर्समध्ये बोभाटा झाला आणि पुन्हा कुणी तिला कामावर घेतलं नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण त्या वळशात एका गरिबाची भाकरी गेली होती. सुनंदाला ओट्यापाशीच रडू फुटलं.

"अहो, फूल सापडलं!"

पेपर खाली आला. "कुठं?"

"मिक्सरमध्ये. माझ्याच हातून पडलं असणार. मी आत्ताच राखोलीला जाते. भिमाबाईचे पाय धरते."

रमाकांतचा चेहरा उतरला. "आज नको. झालं गेलं, राहू दे ना आता."

यांच्याही मनाला लागलंय, सुनंदाला वाटलं. तिने डबीतलं दुसरं फूल काढलं आणि दोन्ही कानांत घातली. भिमाबाईने आपल्या डोळ्यांनी जोडी पाहावी, एवढीच तिची इच्छा होती. धनश्रीला नवऱ्याजवळ सोपवून ती निघाली.

राखोलीत कारखान्यामागच्या चाळीत भिमाबाई धुणं वाळत घालत होती. सुनंदाला पाहताच तिने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. मान वर केलीच नाही.

"भिमाबाई, मी तुझी माफी..."

"थांबा बाई. आधी मले बोलू द्या." ती लगबगीने आत गेली आणि चिंधीची पुरचुंडी घेऊन आली. "तुमी दिवाळीले जांभळी साडी दिल्ती ना? रागात नेसलीच नाही मी. आता होळीले काढली, तं फॉलमध्ये हे अटकेल होतं. देवाशप्पथ, मले माहीतच नव्हतं! परत आणलं तं तुमी म्हणाल, हिनंच चोरलं होतं. भेव वाटला, बाई."

तिने गाठ सोडली. चिंधीत सोन्याचं बकुळीचं फूल होतं. तीच नक्षी.

सुनंदाचे हात कानांकडे गेले. दोन्ही फुलं जागच्या जागी होती. आणि मिक्सरची खरखर तर दिवाळीच्याही आधीची, ती बाळंतपणाला गेली होती त्या चार महिन्यांतली होती.