आधी पुस्तक, मग नाणं

"सगळीच विकायची?" आपल्या नाण्यांच्या दुकानात, पुस्तकांच्या खोक्यावर हात ठेवून गसने विचारलं.

"सगळीच," अर्लीन म्हणाली. "सवतींना कुणी सोबत घेऊन जातं का?"

गस हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. मायलो कोपेत्स्की त्याचा जुना दोस्त. वसंतात त्याला दफनभूमीत नेलं, तेव्हा शवपेटीची एक कडी गसच्याच हातात होती. आता मायलोची बायको अर्लीन घर आवरून ओमाहाला मुलीकडे राहायला निघाली होती. मुलीच्या घरात या पुस्तकांना जागा नव्हती. पुस्तकं सगळी एकाच विषयावरची, अमेरिकेच्या सोन्याच्या नाण्यांवरची. कुठल्या टांकसाळीत कुठल्या साली काय पाडलं, खरं कसं ओळखायचं, खोटं कुठे फसतं, सगळं त्यात होतं. एकेक पुस्तक विटेएवढं जाड.

गस ती एकेक करून काउंटरवर काढू लागला. "हे नवशिक्यांसाठी उत्तम. मी सगळ्यांना आधी हेच देतो. हे वीस डॉलरच्या नाण्यांवरचं, आता मिळत नाही. आणि हे अडीच डॉलरवालं... पानं बघ कशी मऊ पडलीत."

"पडणारच. जेवण झालं की दिवा जवळ ओढून बसायचा. मी म्हणायचे, मायलो, चल, बाहेर झोपाळ्यावर बसू. तो म्हणायचा, एवढं पान होऊ दे." तिने गळ्याचा रुमाल नीट केला. "ते पान काही झालं नाही बघ."

तिने हे हसत सांगितलं, पण हे दुखणं जन्मभराचं होतं. व्हरांड्यातल्या झोपाळ्याची एक बाजू कायम रिकामी राहिली होती.

"ऑगस्टच्या उकाड्यात रुमाल कसला बांधलायस?" गसने विचारलं.

"घसा धरलाय. तू विषय बदलू नकोस. लोक पुस्तकं वाचून नाणी घेतात. हा नुसता वाचतच राहिला. घरात नाणं एकच, हे." रुमालाआड साखळीत लोंबणाऱ्या नाण्यावर तिने वरूनच बोट ठेवलं. अडीच डॉलरचं, पिसांचा टोप घातलेल्या आदिवासी सरदाराचं. लग्नाच्या जेवणात, सगळ्या बहिणींसमोर, मायलोने ते तिच्या गळ्यात घातलं होतं. "असं काय होतं रे त्या पुस्तकांत, जे माझ्यात नव्हतं? तेवढं सांग आणि फुकट घेऊन टाक सगळी."

गसने मान वर केली. काउंटरच्या वर एक पाटी होती. 'आधी पुस्तक, मग नाणं.' या धंद्यातला प्रत्येक जण नवख्याला पहिल्या दिवशी हेच ऐकवतो.

"मी त्याला शब्द दिला होता, अर्लीन."

"ज्याला दिला तो गेला. मी आहे अजून."

गस स्टुलावर बसला. "आयुष्यात एकदाच त्यानं उलटं केलं. आधी नाणं घेतलं, तुमच्या लग्नाआधी, जत्रेत, एका फिरत्या माणसाकडून. लग्न झाल्यावर पहिलं पुस्तक माझ्याकडून नेलं, ते तुझं नाणं तुला चित्रात दाखवायला. दुसऱ्या दिवशी परत आला, चेहरा पांढराफटक. ते खोटं आहे गं."

अर्लीन खोक्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"खोटं आहे हे कळायला ते एकच पुस्तक पुरलं. बाकीच्यांत तो, ते खरं आहे असं म्हणणारं पान शोधत होता. नवं काही छापून आलं की माझ्या दारात हजर. मी म्हणायचो, अरे वेड्या, तिला सांगून टाक. तर म्हणे, केवढ्या तोऱ्यात मिरवते ती, तिची मान खाली कशी घालायला लावू? म्हटलं, मग खरं घे आणि गुपचूप बदल. तर म्हणे, मग ते लग्नातलं कसं राहील? निदान भिंगाखाली तरी आण म्हटलं. तेही नाही. जेवताना ती समोर असते, तेव्हा लांबूनच बघून घेतो म्हणायचा."

अर्लीनचा हात गळ्याशी गेला. टेबलावरच्या त्या संध्याकाळी तिला आठवल्या. मायलोचा काटा ताटातच थांबायचा आणि नजर तिच्या गळ्यावर येऊन खिळायची.

तिने सावकाश रुमाल सोडला. साखळीच्या शेवटी, नाणं जिथे कातडीला टेकत होतं, तिथे एक हिरवा गोल डाग होता.

"मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं, गस. घाम आला की हे असं व्हायचं. खऱ्या सोन्याने कातडी हिरवी होत नाही. त्याला लाज वाटू नये म्हणून रोज रात्री लिंबू चोळून काढायचे. आता कुणासाठी चोळू?"

अर्लीनने मऊ पानांचं ते पुस्तक ओढून घेतलं आणि छातीशी धरलं. तिला फार एकटं वाटलं, मायलो गेला त्या दिवसापेक्षाही.

"तो बघायला लागला की मला वाटायचं, डाग दिसला," ती म्हणाली. "मी पटकन कॉलर वर ओढायचे. आणि मी कॉलर ओढली की तो पुस्तक उघडायचा."