अकरावी फाइल

सकाळी ‘जुने’ या फोल्डरमध्ये अकरा फायली निघाल्या. अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. अकराच.

काल निघताना दहा होत्या. त्यातली दहावी त्यांनी स्वतःच, प्रमुखबाईंची नजर चुकवून, परत टाकली होती. मग अकरावी कुठून आली?

वाचनालयांसाठीचं हे वेब अ‍ॅप वीस वर्षांपूर्वी अण्णांनीच लिहिलेलं. आता ते बंद न ठेवता हळूहळू नव्या संगणकीय भाषेत न्यायचं होतं. एकेक फाइल नव्याने लिहायची, ‘नवे’मध्ये ठेवायची, नीट चालली की ‘जुने’मधली काढायची. ‘जुने’ रिकामं झालं की अण्णांचं कंत्राट संपणार आणि ऑफिसची ही खोलीही सोडायची. बाकीचे सगळे केव्हाच घरून काम करू लागले होते. खोलीत दोघंच उरली होती, अण्णा आणि प्रमुखबाई.

घरी अण्णांना करमत नसे. बायको गेल्यापासून तिथे बोलायला भिंतीच होत्या. म्हणून गेले तीन आठवडे ते रोज संध्याकाळी एक झालेली फाइल परत ‘जुने’मध्ये टाकत. रोज एकच. म्हातारपणी माणूस चोरीसुद्धा बेताने करतो.

शंभरावर फायली होत्या तेव्हा त्यांनी मोजल्याच नव्हत्या. पण हल्ली एखादी फाइल आधीच लिहिल्यासारखी वाटायची. आपण दोन परत टाकतो आणि एक विसरतो की काय? थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग गल्ली, आणि शेवटी त्याने अण्णांनाच विचारलं होतं, “आपण कोण?”

“कुठवर आलं अण्णा?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

“अकरा राहिल्यात.”

“गोगलगाय परवडली. ती निदान पुढे तरी जाते.”

“मॅडम, मी हल्ली विसरतो का हो?”

बाईंची बोटं थांबली. “काहीतरीच काय! तुम्ही आणि विसरणार?” त्या बाटली उचलून पाणी भरायला बाहेर गेल्या. बाटली भरलेलीच होती.

कुठली फाइल कुणी, केव्हा हलवली, याची नोंद आपोआप होत असे. अण्णा ती कधी उघडत नसत. आपलीच चोरी कोण वाचत बसणार? आज त्यांनी उघडली. कालच्या दोन्ही ओळींत आपलंच नाव निघालं तर उद्यापासून यायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

काल सहा वाजता त्यांचं नाव. सव्वासहाला बाईंचं.

परवाही तसंच. त्याच्या आदल्या दिवशीही. अण्णा खाली खाली जात राहिले. तीन आठवड्यांपाशी त्यांचं नाव संपलं. बाईंचं त्याच्याही मागे चार महिने, रोज सव्वासहाला, चालूच होतं.