चढावरच्या मधमाश्या

चढावर जोर न लावण्यात कानवाल्यांचा फायदा घसघशीत होता. दम वाचत होता, छाती वाचत होती आणि मुख्य म्हणजे रविवार वाचत होता. तोट्याच्या बाजूला एकच नोंद होती, बायकोचा घाम. ती नोंद ते सहसा वाचत नसत.

सायकल दोन बैठकींची होती. पुढे हँडल धरून कानवाले, मागे हेडबाई. दोघांचे पेडल साखळीने एकमेकांना बांधलेले, त्यामुळे पाय सारखेच फिरायचे. पण फिरणारा पाय जोर लावतोय की नुसता शोभेला फिरतोय, हे त्या पायाच्या मालकालाच ठाऊक. लबाडी लपवायला चेहरा तेवढा सांभाळावा लागतो. कानवाल्यांचा चेहरा दिसायचा तो फक्त रस्त्याला.

ते घरोघरी पियानो जुळवून देत. शेजारच्या घरात चमचा पडला तरी त्याचा सूर सांगत, म्हणून लोक त्यांना कानवाले म्हणत. बायको शाळेची मुख्याध्यापिका, म्हणून हेडबाई. सहा दिवस ती पोरांची, पालकांची आणि फोनची असे. रविवारी सकाळचे चार तास मात्र ती त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर असे, आणि जंगलातल्या त्या रस्त्यावर फोन लागत नसे.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना लिहून दिलं होतं, चढ बंद. कानवाल्यांनी तो कागद पियानोच्या तारांच्या डब्यात अगदी तळाशी दडपला आणि पुढच्या रविवारपासून पाय शोभेला फिरवायला लागले. हेडबाईंना कळलं असतं तर सायकल त्याच दिवशी विकायला निघाली असती.

रस्ता मोठा देखणा होता. गाव संपलं की शेतांमधून आळसावल्यासारखा वळत जाणारा, मग ओढ्यावरचा दगडी पूल, आणि पुलापासून माथ्यापर्यंत चार किलोमीटरचा चढ. दोन्ही बाजूंना उंच झाडं. तासाभरात दुधाची एखादी गाडी भेटली तर भेटली.

आणि त्या चढावर मधमाश्या होत्या. हा शोध कानवाल्यांचा. पूल ओलांडला की मागून टक् असा आवाज यायचा. घामाने धुरकटतो म्हणून हेडबाई चष्मा काढून डबीत ठेवत असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मग लगेच झाडीतून बारीक गुणगुण सुरू व्हायची. उभ्या वळणावर ती अर्ध्या सुराने उतरायची, वळण संपलं की पुन्हा जागेवर यायची.

"पूर्वी नव्हत्या हं," ते सांगत. "हल्ली जंगल सुधारलंय."

"तुमचा कान म्हणजे कानच," हेडबाई मागून म्हणत. "आणि जरा दमानं. भाता फार चाललाय तुमचा."

"जोर लावल्यावर चालणारच."

"ते दिसतंय मला."

माथ्यावर एका बाईचं चहाचं दुकान होतं. एकदा कानवाल्यांनी तिला विचारलं, "तुमच्याकडे मध मिळत असेल की?"

"कुठला मध?"

"एवढ्या मधमाश्या आहेत खाली!"

"पंचवीस वर्षं बसलेय मी इथं. एक माशी दिसली असेल तर शपथ."

"त्याला कान लागतो, बाई."

"साखर ढवळा तुमची," हेडबाई म्हणाल्या. "तळाशी राहिलीय."

सायकलची देखभाल हेडबाईंकडे होती. दर शनिवारी संध्याकाळी त्या जिन्याखालच्या खोलीत जाऊन हवा भरत, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या जाड पिशव्या लावून ठेवत. डावीत केळी आणि पाणी. उजवीत अडीनडीचं सामान. "तिला हात लावू नका, सगळं नीट लावलेलं असतं," असा हुकूम होता. कानवाले हुकमाचे पक्के.

त्या शनिवारी मात्र शाळेत पालकसभा लांबली. हेडबाई आल्या त्या जेवून सरळ झोपल्या.

रविवारी ऊन कोवळं होतं, शेतांवर अजून दव होतं. दोघंही खुशीत होते. पूल आला. टक्. गुणगुण सुरू झाली खरी, पण आज ती मुळातच ढिली होती. दुसऱ्या वळणावर ती एक सूर घसरली, मग आणखी एक, आणि थांबली.

पाठोपाठ सायकलही डगमगली आणि थांबली.

दोघांनी पाय टेकले. जंगलात चिटपाखरू नव्हतं. कानवाले वाट बघत राहिले की मागून आता जोर येईल, मग येईल. आला नाही. तीन वर्षं जी नोंद त्यांनी वाचली नव्हती ती अशी एकदम समोर उभी राहिली. थकली बिचारी, त्यांच्या मनात आलं. आपण हिला जुंपलं आणि वर आरामात बसलो.

रविवार गेला तर गेला, असं ठरवून ते समोर बघतच बोलले.

"अगं, एक सांगायचंय. तीन वर्षं झाली, चढावर मी जोर लावलेला नाही. मला डॉक्टरांनी…"

"तारांच्या डब्यातला कागद ना? मी केव्हाच वाचलाय."

"वाचलायस? आणि तरी एवढा चढ एकटीनं ओढलास?"

"मी?"

कानवाले वळले. हेडबाईंच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. चष्मा नाकावरच होता. त्या खाली उतरल्या, उजव्या पिशवीचा पट्टा सोडला आणि झाकण वर केलं. आत विटेएवढी काळी पेटी होती, आणि तिची वायर मागच्या चाकात गेली होती.

"मी कुठली ओढतेय," त्या म्हणाल्या. "काल गडबडीत तुमच्या मधमाश्या चार्जिंगला लावायच्या राहिल्या."