फळप्रक्रिया विभाग
‘फळप्रक्रिया उद्योगात गुंतवणूक करा’ अशी सरकारी जाहिरात आली आणि ‘पैसे पाण्यात घालताय’ असं काकू बजावत असतानाही काकांनी रसाचा कारखाना उभारला. यंत्रं बसली, पण घोडं अडलं ते परवान्यापाशी. फळप्रक्रिया विभागाच्या साहेबांपुढे काकांनी अर्ज ठेवला आणि सोबत नमुना म्हणून पेरूंची पेटीही ठेवली.

साहेब म्हणाले, “प्रक्रिया करून कळवतो.”

काकांच्या चपला झिजल्या, यंत्रांना गंज चढला, काकूंचे टोमणे वाढले, तरी उत्तर तेच. प्रक्रिया चालू आहे.

शेवटी काका भडकले. “साहेब, या विभागात नक्की कशावर प्रक्रिया होते?”

“बाहेरची पाटी वाचली नाहीत का, काका? फळांवर,” साहेब शांतपणे म्हणाले. “तुमच्या पेरूंची तर त्याच दुपारी उरकली.”