निळा पत्रा

मामंजींचं बोट काचेला न टेकता चित्रातल्या पायवाटेवरून वर चढत होतं. "ही विहीर. हा पार..."

दरड कोसळून आमचं गाव गाडलं गेलं, त्याच्या आदल्याच वर्षी हे चित्र काढलेलं. घराचा एकही फोटो उरला नव्हता, म्हणून रविवारी दोन एसट्या बदलून मी त्यांना या प्रदर्शनाला आणलं.

बोट एका आंब्यापाशी थांबलं. "इथं आमचं घर होतं. निळ्या पत्र्याचं."

"हो, आठवतंय की!" शेजारी उभा असलेला चित्रकार खुशीत म्हणाला. "एवढ्या हिरव्यात तो निळा फार खटकत होता. मग झाड टाकलं तिथे."

मामंजींनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"चल पोरी," ते म्हणाले. "दरडीनं निदान उंबरा तरी ठेवला होता."